पोटगीचा आकडा कागदांवर ठरतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घटस्फोटाच्या बातम्यांत पोटगीचा आकडा ठळक छापला जातो. तो कशावरून ठरला, हे मात्र क्वचितच कळते. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतले कित्येक पक्षकार 'अर्धी मालमत्ता मिळणारच' अशा समजुतीने कोर्टात येतात. आपल्याकडे तसा कायदा नाही. समोरच्याचे खरे उत्पन्न किती दाखवता येते, यावर बरेच अवलंबून असते. म्हणून कागद बाहेर काढायचे कसे, याबद्दल थोडे.

सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात (प्रकरण मूळ नागपूरचे) पोटगीच्या अर्जात नवरा-बायको दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात देणे सक्तीचे केले. जाबदाराला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला, त्यासाठी चार आठवडे आणि फार तर दोन संधी. त्यानंतरही टाळाटाळ झाली तर त्याचा बचाव काढून टाकता येतो. नमुना लांबलचक आहे आणि बहुतेक जण पगाराच्या रकान्यापुढे तो उरकून टाकतात. खरी मेख तिथूनच पुढे आहे. आयकर विवरणपत्रे तीन काळांची मागितली आहेत: लग्नाच्या एक वर्ष आधीचे, वेगळे राहू लागण्याच्या एक वर्ष आधीचे आणि अर्ज दाखल झाला तेव्हाचे. दावा लागताच अचानक आटलेला धंदा या तुलनेत उघडा पडतो. सर्व खात्यांची तीन वर्षांची स्टेटमेंट जोडायची असतात. लग्न झाल्यानंतर विकलेल्या किंवा दुसऱ्याच्या नावे केलेल्या मालमत्तेचा तपशील कारणासकट द्यायचा असतो. शेवटी जोडीदाराच्या उत्पन्नाबद्दल आपल्याला काय माहीत आहे, ते लिहायला स्वतंत्र भाग आहे. तो 'माहिती नाही' म्हणून कोरा सोडणे ही सर्रास होणारी चूक. पुढचे अर्ज त्याच्याच आधारावर उभे राहतात.

स्टेटमेंट हातात आले की पगाराची ओळ पाहून थांबू नये. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दरमहा तेवढीच रक्कम स्वतःच्याच नावे बाहेर जात असेल, तर दुसरे खाते आहे. एसआयपी कापली जाते पण मालमत्तेत म्युच्युअल फंड नाही; कार्डाचे बिल भरले जाते पण कार्डाचे स्टेटमेंट नाही; लॉकरचे भाडे जाते आणि दागिन्यांच्या रकान्यात रेघ मारलेली. तारीख, रक्कम आणि शपथपत्रातले त्याविषयीचे मौन असा तीन रकान्यांचा तक्ता करून वकिलाकडे द्यावा. आयकर पोर्टलवरचे वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, हजर करायला लावले तर व्याज, लाभांश, शेअर विक्री बरीचशी एकाच जागी सापडते.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट हटकून सुटते. साडेबारा टक्के योजनेचा (शहर वसवताना जमीन गेलेल्यांना सिडको या नगरविकास महामंडळाने परत दिलेला) भूखंड वडिलांच्या नावे असतो, बिल्डरला विकसित करायला दिलेला असतो आणि शपथपत्रात 'वडिलोपार्जित, माझा संबंध नाही' एवढेच लिहिलेले असते. नमुन्यात वडिलोपार्जित मालमत्तेतला हिस्साही विचारला आहे. इथे सिडकोचे वाटपपत्र, भाडेपट्टा आणि सिडको, भूखंडधारक आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करारनामा नावानिशी मागावा. हिस्सा निघतो की नाही, ते कोर्ट ठरवेल. पण कागदच समोर नसेल तर ठरवायचे कशावरून?

शपथपत्र अपुरे वाटले तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 11 आहे. कोर्टाच्या परवानगीने लेखी प्रश्नावली देता येते, तिची उत्तरे शपथेवर, साधारणपणे दहा दिवसांत द्यावी लागतात. नियम 14 खाली कागद हजर करायला लावता येतात. आदेश न पाळल्यास नियम 21 प्रमाणे बचाव जाऊ शकतो, आणि अर्जदारानेच पाळला नाही तर त्याचा दावाही. हे अर्ज फेटाळले जातात ते बहुधा ढोबळपणामुळे. 'सर्व बँकांची सर्व कागदपत्रे' असे मागितले की कोर्ट त्याला चाचपडणे म्हणते आणि ते रास्तच आहे. बँक, शाखा, कालावधी आणि त्या कागदातून काय दिसेल, हे चार मुद्दे अर्जात हवेत.

कागद बँकेसारख्या तिसऱ्याकडे असेल तर तो घेऊन हजर राहण्यासाठी त्याला साक्षी समन्स काढावे लागते. माझ्या मते त्यातला सर्वांत उपयोगी कागद म्हणजे गृहकर्जाची फाइल. बँकेपुढे माणूस उत्पन्न फुगवून सांगतो, कोर्टापुढे आटवून. दोन्हींवर सही त्याचीच. काही गोष्टींना तर समन्सही लागत नाही. सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या खरेदी-विक्री दस्ताचा गोषवारा, नोंदणी विभागाकडून मिळते, सातबारा महाभूलेखवर आणि कंपनीतले संचालकपद कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसते.

मोबाइलमधल्या पुराव्याबद्दल गैरसमज फार. जोडीदाराचे चोरून रेकॉर्ड केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये म्हटले. म्हणून दुसऱ्याच्या ईमेलचा पासवर्ड वापरून आत शिरणे माफ होत नाही. तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लावावे. कौटुंबिक न्यायालयात पुराव्याचे नियम कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 14 मुळे सैल असले, तरी प्रमाणपत्र नाही म्हणून हरकत येते आणि एक तारीख फुकट जाते.

शपथपत्र खोटे निघाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 379 खाली कारवाईचा अर्ज करता येतो. तो अंतरिम पोटगीच्या, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीच्या, अर्जात मिसळू नये. त्यावर म्हणणे, चौकशी, युक्तिवाद यांत महिने जातात आणि तेवढा काळ मुलांची फी अडून राहते. खोटेपणा दाखवणारा तक्ता मात्र पोटगीच्या युक्तिवादालाच जोडावा, म्हणजे कोर्टाला समोरच्याविरुद्ध अनुमान काढता येते.

आपली,
कौटुंबिक दाव्यांत काम करणारी एक वकील,
ठाणे (पश्चिम)