अणुत्रिज्या छापताना मोजपट्टीही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञानाच्या तक्त्यांत अणुत्रिज्येचा बहुधा एकच स्तंभ असतो. त्यात फ्लुओरीनपुढे 71 पिकोमीटर (मीटरचा एक लाख कोटीवा भाग) आणि शेजारच्या निऑनपुढे 154 दिसले, की आवर्तात, म्हणजे आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत, उजवीकडे जाताना अणू लहान होतो हा नियम शेवटच्या घरात कसा मोडला, असे विद्यार्थी विचारणारच. या दोन आकड्यांची मोजपट्टीच वेगळी आहे. 71 ही सहसंयुज त्रिज्या, म्हणजे बंधाने जोडलेल्या दोन सारख्या अणूंच्या केंद्रकांमधले निम्मे अंतर. निऑन असा बंध करत नाही, म्हणून त्याची व्हॅन डर वाल्स त्रिज्या देतात. ती बंध न जुळता नुसते टेकलेल्या अणूंची असते. तिच्याशी तुलना करायची तर फ्लुओरीनचा आकडा 147 घ्यावा लागतो.

सहसंयुज त्रिज्या कशी काढतात, हे तक्त्याखाली दोन ओळींत सांगता येते. क्लोरीनच्या रेणूत केंद्रकांमधले अंतर 199 पिकोमीटर, म्हणून त्रिज्या सुमारे 99. हिऱ्यात कार्बन-कार्बन अंतर 154, म्हणून 77. या दोन त्रिज्यांची बेरीज 176, आणि कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये मोजलेले कार्बन-क्लोरीन अंतर 177.

पण ही बेरीज सगळीकडे जुळत नाही, आणि ती कुठे चुकते हेच शिकवण्यासारखे आहे. सिलिकॉनची त्रिज्या 117 धरली तर सिलिकॉन-क्लोरीन बंध 216 यायला हवा. सिलिकॉन टेट्राक्लोराइडमध्ये तो 202च्या आसपास भरतो. विद्युतऋणतेत, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या ताकदीत, फरक असला की बंध ध्रुवीय होतो (एक टोक किंचित धन, दुसरे किंचित ऋण) आणि आखडतो. शोमेकर आणि स्टीव्हन्सन या रसायनशास्त्रज्ञांनी 1941मध्ये त्यासाठी दुरुस्ती सुचवली: विद्युतऋणतेतल्या फरकाला 9ने गुणून तेवढे पिकोमीटर वजा करायचे. इथे फरक 1.26, म्हणून उत्तर 205 येते. हायड्रोजन क्लोराइडमध्ये हायड्रोजनचे 37 अधिक क्लोरीनचे 99 म्हणजे 136. फरक जवळपास 1, म्हणून त्यातून सुमारे 9 वजा केले की 127, अगदी मोजल्याइतके. मात्र हेच सूत्र कार्बन-क्लोरीनला लावले तर 171 येते आणि आधी जुळलेले गणित बिघडते. तेव्हा हे सूत्र अंदाजापुरतेच वापरावे. बंध दुहेरी असेल तर त्रिज्याही वेगळी: कार्बनची 77 ऐवजी 67, तिहेरीत 60.

मोजण्याची पद्धतही आकडा बदलते. स्फटिकातली अंतरे बहुधा क्ष-किरणांनी मोजतात, आणि क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे. हायड्रोजनचा एकुलता इलेक्ट्रॉन बंधाकडे ओढलेला असतो, त्यामुळे कार्बन-हायड्रोजन अंतर खऱ्या 109 ऐवजी 95 ते 98 दिसते. केंद्रकाची जागा हवी असेल तर न्यूट्रॉन विवर्तन, म्हणजे केंद्रकांवरून विखुरणाऱ्या न्यूट्रॉनांनी मोजणे, करावे लागते. शिवाय उष्णतेने अणू डोलतात आणि बंध आहे त्याहून आखूड भासतो, म्हणून स्फटिक सुमारे 100 केल्विनपर्यंत थंड करून मोजतात. वायुरूप ध्रुवीय रेणूंसाठी सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) वर्णपट सर्वांत अचूक. क्लोरीनच्या रेणूला द्विध्रुव (धन-ऋण टोके) नसल्याने तिथे तो चालत नाही, रामन वर्णपट (विखुरलेल्या प्रकाशाचा) किंवा इलेक्ट्रॉन विवर्तन लागते.

म्हणून विनंती अशी, की आपल्या विज्ञान पुरवणीत अणुत्रिज्या छापताना ती सहसंयुज की व्हॅन डर वाल्स, बंध एकेरी की दुहेरी आणि मोजमापाची पद्धत कोणती, हे आकड्याशेजारीच द्यावे. निऑनसारख्या राजवायूंची घरे तर वेगळ्या रंगात छापावीत.

आपला,
रसायनशास्त्राचा एक अध्यापक