नवतप्याआधी (उन्हाळ्यातल्या कडक तापाच्या नऊ दिवसांआधी) वीज-गॅस निधीला हातभार लावा

नागपूरकर बंधू-भगिनींनो,

नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांची वीज राज्यभर जाते. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतही तारा आल्या, मीटर लागले. तरी ऐन मे महिन्यात, पारा 45 च्या पुढे गेला असताना, टिनाच्या खोल्यांमधले कूलर बंद असतात. कारण बिलाची धास्ती. 200 वॅटचा कूलर रोज दहा तास चालवला तर महिन्याला 60 युनिट एकटा तोच खातो. पंखे, दिवे धरले की बिल 100 युनिटांपलीकडे जातं आणि पुढच्या युनिटांचा दर दुपटीच्या घरात पोहोचतो. किरायेदाराचे हाल तर विचारूच नका. मीटर मालकाच्या नावाने, त्यामुळे सवलतही त्याच्याच बिलात. किरायेदार सबमीटरवर मालक सांगेल तो दर भरतो.

गॅसचंही तसंच. 2016 पासून उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस आला, हे मोठंच काम झालं. पण 14.2 किलोचं सिलिंडर भरताना पूर्ण रक्कम आधी मोजावी लागते, अनुदान मागाहून खात्यात येतं. रोजमजुरीच्या घरात तेवढी रक्कम एकदम कुठून निघणार? मग गॅसच्या शेगडीवर डबे रचलेले दिसतात आणि दाराशी चूल पेटते. तिच्यात सुताराकडून आणलेले प्लायचे तुकडे असतात, त्यातला गोंदही जळतो. त्या धुरात बाळंतीण बसलेली पाहिली की जीव तुटतो.

धोरणं बदलायला वेळ लागेल, त्यासाठी आमचा पाठपुरावा चालू राहीलच. पण उन्हाळा थांबणार नाही. म्हणून वस्ती समितीने निधी सुरू केला आहे. त्यातून आजारी, वृद्ध, लहान मुलं असलेल्या घरांचं थकीत बिल आणि सिलिंडरची रक्कम आम्ही परस्पर भरू. कुणाचंही नाव जाहीर होणार नाही. वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 56 बहुतेकांना ठाऊक नसतं. अर्ज-तक्रारी लिहून देणारी माणसंही त्यामुळे हवीत.

जुना पण चालू कूलर, पंखा, वाळ्याच्या ताट्या द्या. वायरमन असाल तर एक रविवार द्या, कारण उघडे जोड फार आहेत. रोख रकमेची पावती मिळेल, हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल. समितीच्या कार्यालयात रोज संध्याकाळी 7 ते 9 कुणी ना कुणी असतंच. नवतपा 25 मेच्या सुमारास लागतो, त्याआधी या.

आपली,
वस्ती समिती, उत्तर नागपूर