खाली हळद, वर पॅनल

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर एका दमात सांगून मोकळा झालास : जमीन सोलरला भाड्यानं देऊ, हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, दर साल ३ टक्के वाढ. मला मध्ये बोलायला फट मिळेना, म्हणून लिहिते.

भाडं वाईट नाही. एकरी ५० हजार आपल्या कापसानं खर्च वजा जाता कधी दिले, मला आठवत नाही. दिवसाची वीजही हवीच. तुझे बाबा रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचे आणि परत येईपर्यंत मी उंबऱ्यात बसून राहायचे. तू तेव्हा गाढ झोपेत. पण बाळा, करार २५-३० वर्षांचा. तेवढा काळ आपलंच रान कुंपणाबाहेरून बघायचं?

नाल्यापलीकडचा प्लांट बघून आले. पॅनल माझ्या कमरेएवढे, खाली नुसतं गवत. पावसात पॅनलच्या कडेवरून पागोळ्या पडतात त्या सगळ्या एकाच रेघेत. तिथं काळ्या मातीत वीतभर खोल चर पडलाय आणि पॅनलखालची जमीन कोरडी. पन्हळ लावून तेच पाणी धरता आलं असतं. जोधपूरच्या काझरी संस्थेनं पॅनलवरचं पावसाचं पाणी साठवून त्याच शेतात मूग-मटकी घेतलीय. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातही पॅनलखाली पिकं घेऊन बघतायत.

तूच पाठवलेल्या लेखात होतं ना, १९८१ साली गोएट्झबर्गर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं पॅनल उंच उचलून खाली बटाटे घ्यायची कल्पना मांडली? मला त्यात नवल वाटलं नाही. बांधावरच्या आंब्याखालची आपली हळद आठव. भर उन्हातल्या हळदीची पानं करपायची, सावलीतली हिरवीगार. कापूस मात्र सावलीत नुसता उंच होतो, बोंडं धरत नाही. तेव्हा पॅनल आले तर कापूस गेला, हे धरून चाल. हळद, आलं, कोथिंबीर, पालक, यांचा विचार करू.

आणि कंपनीच्या माणसाला हेही सांग, की पॅनलला ऊन लागतं पण ताप सोसत नाही, तापला की वीज कमी देतो. खाली ओलं पीक असलं तर थोडा गारवा त्यालाच आहे. पॅनल धुतलेलं पाणीही पिकाला जाईल.

खर्च वाढतो, कबूल. उंच सांगाड्याला लोखंड जास्त, आणि आपली जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते, म्हणजे पायाही खोल हवा. रांगा विरळ ठेवल्या की एकरी पॅनलही कमी बसतात. म्हणून ते लोक आधी नाहीच म्हणतील. केंद्र सरकारच्या सोलरसाठीच्या कुसुम योजनेत पॅनलखाली शेती चालते, हे त्यांना ऐकव. भाडं थोडं कमी घेऊ, पण खालची जमीन कसायचा हक्क करारात लिहून पाहिजे. तोंडी नको.

मी खुरपायला वाकेन, वाकायची सवय आहे. उठताना डोकं आपटायला नको, एवढंच.

दिवाळीला येशील तेव्हा मोठी टेप आण. भाऊजींचा ट्रॅक्टर टपासकट किती उंच आहे ते मोजू, त्यावर दोन फूट धरू आणि तो आकडा त्यांना देऊ. सूनबाईला लोणच्याची बरणी पाठवतेय, रिकामी परत आण.

तुझी आई