काका, बोट सुटली!

काका, साष्टांग नमस्कार.

बोट आता पाण्यावरून उडते, हे फोनवर तुम्हाला सांगितलंच आहे. पण फोनवर तुम्ही "बरं बरं, छान" म्हणून विषय बदलता, मग काकू फोन घेऊन आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, आणि मला जे म्हणायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही. ते तुम्हाला चालणार नाही, आणि काकूंना तर अजिबातच नाही.

ज्यांना हा सगळा प्रकार माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पहिल्या महायुद्धातल्या हवाई लढायांचा एक सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवण्याचा कॉम्प्युटर गेम, मी आणि माझ्यासारखे काही रिकामटेकडे (हा शब्द थोरल्या मामांचा) कित्येक वर्षं उडवतो आहोत. त्यात कॅमल, फोकर ट्रायप्लेन अशी त्या काळची विमानं आहेत, चिखलाने भरलेले खंदक आहेत. समुद्र मात्र नकाशाच्या कडेला उगाच आपला निळा. त्या समुद्रावर एक वेगळंच युद्ध चाललं होतं, हे बनवणाऱ्यांच्या गावीही नाही. आंरी फाब्रने २८ मार्च १९१० रोजी फ्रान्समध्ये इंजिनाचं विमान पहिल्यांदा पाण्यावरून उचललं. त्यानंतर सात-आठ वर्षांत पाण्यावरची विमानं पाणबुड्यांच्या मागावर तासन्‌तास फिरू लागली होती. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फेलिक्सस्टो इथे जॉन सिरिल पोर्ट नावाचा, क्षयाने पोखरलेला नौदलाचा अधिकारी अमेरिकन कर्टिस फ्लाइंग बोटींना (म्हणजे खालचं अंग बोटीसारखं असलेल्या विमानांना) नवनवीन तळ बसवून पाहत होता, कारण मूळचे तळ उत्तर समुद्राच्या लाटांपुढे टिकत नव्हते. त्या खटपटीतून फेलिक्सस्टो एफ.२ए निघाली. लाकडी बोटीचं अंग, दोन रोल्स-रॉइस ईगल इंजिनं, पंखांची लांबी एकोणतीस मीटर, आत चार माणसं. ही बोट सिममध्ये आणायची, एवढाच माझा हट्ट. तोही नागपुरात बसून, जिथून समुद्र बघायचा तर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये एक रात्र काढावी लागते.

मॉडेल झालं. रंगही झाले. ४ जून १९१८ ला जर्मन सीप्लेनांशी मोठी झटापट झाली. त्यानंतर फेलिक्सस्टोच्या लोकांनी आपापल्या बोटी भडक पट्ट्यांनी रंगवल्या, का तर कुणाला मध्येच पाण्यावर उतरावं लागलं तर आपल्याच माणसांना ती चटकन ओळखू यावी. ते पट्टे बसवताना फार मजा आली. पण बोट काही उडेना. सिमच्या लेखी पाणी म्हणजे निळा रंग दिलेली जमीन. पाण्याची पकड वाढवली की बोट जन्मभर तिथेच, कमी केली की दगडावरून घसरल्यासारखी भलत्याच वेगात टुणकन वर. पाण्यातून विमान निघतं तेव्हा मध्ये जे काही घडतं, ते त्यात नव्हतंच.

मग मी मदत मागायला निघालो, आणि तिथून माझी करमणूक सुरू झाली. एका जुन्याजाणत्या मॉडरने (गेममध्ये स्वतःची भर घालणाऱ्याने) कळवलं, "आधी वाचून या." काय वाचायचं, ते सांगायला मात्र त्यांना सवड नव्हती. एका गृहस्थांनी आगाऊ पैसे घेतले, पहिल्या आठवड्यात तीनदा "होऊन जाईल सर" म्हणाले, आणि नंतर त्यांचा नंबरच लागेना. एका कॉलेजातल्या साहेबांची वेळ घेऊन भेटलो. मी लॅपटॉप उघडून दाखवत होतो आणि ते मांडीवर मोबाईल धरून अंगठा वर सरकवत होते. शेवटी मान वर करून म्हणाले, "गेमच आहे ना? मग थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं?" मी चहा अर्धा टाकून उठलो. राग आला असं नाही. राग यायला समोरच्याने निदान ऐकलेलं तरी लागतं.

तुमच्यापर्यंत पोचलो तो आईमुळे. अंबाझरीला सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांत तिने माझं रडगाणं गायलं आणि काकू म्हणाल्या, "आमचे हे पाण्याचेच. जन्म पाटबंधाऱ्यात गेला." विमानाशी काही संबंध? नाही. कॉम्प्युटरशी? तोही नाही. तरी आईने धाडलं.

काका, आता जे सांगतोय त्यासाठीच खरं तर हे पत्र. ती दुपार तुमच्या लक्षातही नसेल. मे महिना, कूलरचा घरघराट, दारावर वाळ्याचा पडदा, आणि टीव्हीवर मॅच अगदी रंगात आलेली. तुमचे जावई सोफ्याच्या काठावर येऊन बसलेले. मी दारातूनच म्हटलं, "काका, मॅच होऊ द्या, मी बसतो." तुम्ही काही बोलला नाहीत. रिमोट शोधायला लागलात. तो तक्क्याखाली सापडला. आणि तुम्ही टीव्ही बंद केलात. आवाज कमी केला नाही, म्यूट केला नाही, बंदच केला. जावई "अहो बाबा!" म्हणून अर्धे उठले, तर तुम्ही त्यांना शांतपणे म्हणालात, "आत मोबाईलवर पाहा तुम्ही. याचं काम आहे." मग चष्मा पुसलात, खुर्ची माझ्याकडे वळवलीत आणि म्हणालात, "हं. सांग बाबू, काय होऊन राहिलं?"

एवढंच. पण त्या एवढ्याने माझा घसा असा दाटला की पहिलं वाक्य नीट निघालं नाही. पोर्टचं सांगू की पाणबुड्यांचं, तेच कळेना. तुम्ही मात्र घाई केली नाहीत. आतून जावयांचा "गेला रे!" असा ओरडा आला तेव्हाही तुमची मान वळली नाही. कोण गेलं, ते मला अजून माहीत नाही.

सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "तुझ्या बोटीच्या खाली हवा कुठून येऊन राहिली?"

मी म्हटलं, हवा कशाला? तेव्हा तुम्ही बंधाऱ्याचं सांगितलंत. भिंतीच्या माथ्यावरून पाणी पडतं, तेव्हा त्या पडणाऱ्या धारेच्या मागे हवा गेली नाही तर पाणी भिंतीला चिकटून खाली उतरतं. मागे पोकळी तयार होते आणि ती धारेला ओढते. "मंग आपण पाइप टाकून हवा देतो. पाण्याले सोडून द्यायला कारण लागते बाबू."

आणि मग स्वयंपाकघर. नळ सोडण्याआधी तुम्ही खाली बादली सरकवलीत, पाटबंधाऱ्याचा माणूस मे महिन्यात पाणी मोरीत कसं जाऊ देईल! चमच्याचं टोक दोन बोटांत सैल धरून त्याची फुगीर पाठ धारेला लावलीत. मला वाटलं, पाणी चमच्याला बाजूला ढकलेल. झालं उलटंच. धारेने चमचा आत ओढून घेतला आणि पाणी त्याच्या पाठीवरून वळून भलतीकडे उडालं. मग काकूंच्या परातीतल्या कणकेची एक बारीक वळी घेऊन तुम्ही ती चमच्याच्या पाठीवर आडवी दाबलीत, नखाने तिला कड काढलीत, आणि पुन्हा धारेला लावलीत. या वेळी पाणी त्या कडेवरच सुटलं. ओढ बोटांना जाणवेल इतकी कमी झाली. काकू मागून म्हणाल्या, "झालं असेल तर कणीक द्या माझी," आणि तुम्ही ती खरंच परत दिलीत.

ती कड म्हणजेच बोटीच्या तळाची पायरी. कर्टिसची १९१२ सालची बोटही आधी अशीच पाण्याला धरून बसली होती. तळाला आडवी पायरी दिल्यावर तिच्या मागे हवा शिरली आणि बोट सुटली. एफ.२एच्या तळाला तर अशा दोन पायऱ्या आहेत. माझ्या मॉडेलमध्येही त्या होत्या, रिव्हेटसकट... नाही, लाकडी तळाला रिव्हेट कुठले, फळ्यांच्या जोडांसकट. फक्त सिमला त्यांचा पत्ता नव्हता. त्याला तो पत्ता देण्यात जे आकडे बदलले त्यात कुणाला रस नसणार, ते सोडून देतो. आता काय होतं, ते सांगतो. थ्रॉटल पुढे नेलं की आधी बोट नाक वर करून जड चालते, दोन्ही बाजूंना पाण्याचे पडदे उभे राहतात, आणि मधल्या वेगाला असं वाटतं की आता काही खरं नाही, इंजिनं कमी पडणार. ती चढण ओलांडली की नाक हळूच खाली येतं, बोट पायरीवर बसते, मागचा तळ पाणी सोडतो आणि वेग भराभर वाढू लागतो. वारा पडल्यावर फुटाळा तलाव जसा आरशासारखा होतो, तशा पाण्यावर ती जास्त चिकटते, थोडी लाट असली की लवकर सुटते. खऱ्या वैमानिकांचीही हीच तक्रार असायची. हे मी वेगळं घातलंच नव्हतं. हवा दिल्यावर आपोआप आलं.

तुम्हाला राजसमंदचं सांगितलं तेव्हाचा तुमचा चेहरा विसरणार नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीच्या मोठ्या फ्लाइंग बोटी कराचीहून कलकत्त्याला जाताना राजस्थानातल्या राजसमंदवर उतरायच्या, पुढे ग्वाल्हेर, अलाहाबाद. विमानाचं तुम्हाला काही नाही, पण "तो तलाव तर बांध घालून केलेला आहे!" म्हणून उठून बसलात. नागपूर त्या वाटेवर नव्हतं याचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

हे काम करताना एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. १५ सप्टेंबर १९१६ रोजी ॲड्रिॲटिक समुद्रात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या दोन लोनर फ्लाइंग बोटींनी 'फूको' ही फ्रेंच पाणबुडी बॉम्ब टाकून बुडवली. विमानांनी पाणबुडी बुडवली म्हणून ही घटना सगळीकडे छापलेली असते. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. त्याच दोन बोटी मग पाण्यावर उतरल्या, आणि पाण्यात पडलेल्या शत्रूच्या खलाशांना त्यांनी मदत येईपर्यंत आधार दिला. सगळेच्या सगळे वाचले. दोन वर्षांनी, २१ ऑगस्ट १९१८ ला, ॲड्रिॲटिकवरच्या पोला बंदराजवळ चार्ल्स हॅमन या अमेरिकन वैमानिकाने गोळ्या लागलेली आपली मॅकी एम.५ पाण्यावर उतरवून, पडलेल्या सोबत्याला उचलून परत नेलं. विमान एका माणसाचं. दुसरा इंजिनाखाली खांब धरून बसला. हे सांगितल्यावर तुमचा पहिला प्रश्न, "वजन वाढलं, मंग पाण्यातून सुटली कशी?" ते शौर्यपदक वगैरे तुम्ही नंतर ऐकलंत.

आमच्या सिममध्ये पाडलेल्या विमानाचे गुण मिळतात. उतरून कुणाला उचललं तर शून्य. मी ते बदलतोय. काही जण कुरकुरतायत की मग लढाईचा सिम कशाला म्हणायचं. कुरकुरू देत. स्वतःचं चाललेलं सोडून दुसऱ्यासाठी थांबणारी माणसं मला हल्ली शौर्यापेक्षा दुर्मीळ वाटायला लागली आहेत. आणि ती डिग्रीवर, हुद्द्यावर, किती वर्षं या क्षेत्रात आहात यावर ठरत नाहीत, एवढं मी या खटपटीत पुरेपूर पाहिलं. ज्यांना सगळं येत होतं त्यांना वेळ नव्हता. ज्यांचा या विषयाशी सुतराम संबंध नव्हता त्यांनी कणीक मागून घेतली.

श्रेयनामावलीत "नागपूरचे पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त काका" असं घातलंय. ते काढा म्हणू नका, काढणार नाही.

आता पुढचं. शॉर्ट १८४ (हेही पाण्यावरचंच विमान) घेतलीय. हिला बोटीचा तळ नाही, खाली दोन तरंगे आहेत आणि त्यांच्या मधोमध टॉर्पेडो. ऑगस्ट १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या मोहिमेत डेकर नावाच्या वैमानिकाचं इंजिन कुरकुरायला लागलं म्हणून तो पाण्यावर उतरला. समोर शत्रूची टगबोट दिसली. पठ्ठ्याने विमान पाण्यावरूनच चालवत नेऊन टॉर्पेडो सोडला, आणि ते वजन गेल्याबरोबर विमान उडून निघून गेलं! मला हे सिममध्ये जसंच्या तसं करता यायला हवं. पण दोन तरंग्यांच्या मधल्या पाण्याचं काय करायचं? ते दोन्हीकडून दाबलं जाऊन वर चढेल, की टॉर्पेडोच्या पोटाला ओढेल? रविवारी चारनंतर येतो. चमचे दोन लागतील, काकूंना आधीच सांगून ठेवा.

तुमचा,
आईच्या अंबाझरीच्या मैत्रिणींमुळे भेटलेला