लाकडाची पारख दिलीत, मेस्त्रीकाका

आदरणीय मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

पडीक लाकडातून पॉलिनेशियन (पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या) धाटणीच्या टिकी मूर्ती कोरण्याचा छंद असलेले आम्ही मालवण-वेंगुर्ल्याकडचे काही जण हे पत्र लिहीत आहोत. उघड पत्र अशासाठी, की तुम्ही जे शिकवलंत ते आमच्यापुरतं ठेवणं बरोबर नाही. आयुष्यभर होड्या बांधलेल्या माणसाने कुठल्या तरी दूरच्या बेटांवरच्या मूर्तींसाठी आपली पडवी, आपला वाकस (लाकूड तासायचं हत्यार) आणि आपल्या दुपारी मोकळ्या करून दिल्या. त्याचे आभार दोन ओळींत मानून भागणार नाही. तुमच्यामुळे काय काय नीट होतं, ते तपशिलात सांगितलं तरच हे पत्र तुमच्या योग्यतेचं होईल.

पहिले आभार तुमच्या प्रश्नाचे: "हो देव कोणाचो?" देवळातल्या तरंगांच्या (देवाच्या सजवलेल्या काठ्यांच्या) कामाला हात लावण्याआधी मानकऱ्यांना विचारणारे तुम्ही, त्यामुळे हा प्रश्न तुमच्याकडूनच यायचा होता. उत्तर असं आहे. मार्केसास बेटांवर टिकी म्हणजे देवांच्या आणि देवपदाला पोचलेल्या पूर्वजांच्या मूर्ती. हवाईत १८१९ मध्ये कपू ही धार्मिक निषेधांची जुनी व्यवस्था मोडली आणि देवळांतल्या बहुतेक लाकडी मूर्ती नष्ट झाल्या. कू या देवाच्या माणसाहून उंच मूर्तींपैकी तीनच उरल्या: एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, एक होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये, एक अमेरिकेत सेलमच्या पीबडी एसेक्स म्युझियममध्ये. २०१० मध्ये त्या तिन्ही होनोलुलूत एकत्र मांडल्या होत्या. बारमध्ये आणि मगांवर दिसणारा टिकी हा १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सजावटीचा प्रकार. हे कळल्यावर आमचे नियम आपोआप ठरले. कूच्या मूर्तीची नक्कल करायची नाही. ॲशट्रे, बाटलीचं स्टँड असलं काही करायचं नाही. आणि बुडाखाली "पॉलिनेशियन धाटणी, कोकणातलं लाकूड" असं स्पष्ट लिहायचं.

त्या कूच्या मूर्ती नीरफणसाच्या लाकडातल्या आहेत, ज्याचे आपण काप तळतो तोच. आपला फणस त्याच्या अगदी जवळचा. उंडीही तिकडे आहे आणि भेंडही. दोन्ही झाडांचं लाकूड पॉलिनेशियात भांडी-मूर्तींसाठी वापरत आले आहेत. म्हणून "परदेशी कामाला परदेशी लाकूड हवं का?" असं कुणी विचारलं, तर आम्ही परसात बोट दाखवतो.

लाकडाची पारख ही तुमची खरी देणगी. मे २०२१ च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात आंबे, फणस, माड सरसकट आडवे झाले, आणि जुनी घरं उतरवली की खांब-वासे निघतातच. लाकडाला तोटा नाही, पण सगळं लाकूड कोरण्याजोगं नसतं. सुरू किनाऱ्यावर भरपूर वाहून येतो आणि दिसतो सरळ, पण तो वाळला की पिळतो, फाटतो आणि पटाशीला (सुताराच्या छिन्नीला) दाद देत नाही. त्याच्या पाचरी कराव्यात, मूर्ती नाही. आंबा मऊ, नवख्या हाताला सोपा, पण पडल्यावर साल तशीच ठेवून पावसात राहिला तर निळा-काळा पडतो आणि त्याला भुंगा लागतो. साल लगेच काढायची आणि एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार व ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ते पाणी ओल्या लाकडावर ब्रशने दोनदा फिरवायचं. हे पाण्याने धुऊन जातं, त्यामुळे नंतर लाकूड पावसात ठेवता येत नाही. फणस सर्वात भरवशाचा. ताजा असेल तर चिकाने पटाशी चिकटते, ती रॉकेलच्या फडक्याने पुसत राहायची. जुन्या घराचा खांब असेल तर पिवळी चिलपी (लाकडाचा पातळ कापटा) सुरीने काढल्यासारखी सलग निघते आणि उन्हात रंग हळूहळू तपकिरी होतो.

माडाचा मामला वेगळाच. त्याला वर्षाची वलयं नाहीत, गाभा नाही. कडक भाग बाहेर आणि भुसभुशीत भाग आत. आंब्यासारखं खोल कोरत गेलात तर गालाच्या आत स्पंज लागतो. म्हणून बुंध्याकडचाच तुकडा घ्यायचा, त्याचा कडक पट्टा जाड असतो, आणि सगळं कोरीव काम वरच्या दीड-दोन इंचांत बसवायचं. माड ओला असतानाच कोरावा. वाळल्यावर त्याचे काळे दोरे पटाशीची धार खातात. तुम्ही माडासाठी धारेचा कोन ३० अंशांपर्यंत बोथट ठेवायला सांगितलात, आंब्या-फणसाला २५ च्या आसपास. हा एवढासा फरक केला की धार दिवसभर टिकते.

"आधी खिळे बघा, मगे तोंड," हे तुमचं वाक्य आता पडवीत खडूने लिहिलं आहे. जुन्या वाशावरून स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं की लोखंड सापडतं. साग आणि फणसात लोखंडाभोवती काळा डागही पडलेला असतो. पण होडीच्या फळीत तांब्याचे खिळे असतात आणि त्यांना चुंबक धरत नाही, हे सुताराला माहीत असतं, इतरांना नाही. तिथे हिरवट डाग शोधायचा, शंका असेल तिथे सामत्याने (भोक पाडायच्या सुतारी हत्याराने) बारीक भोक पाडून बघायचं. फळीवरचा जुना रंग घासायचा नाही. त्यात शिसं किंवा तांबं असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. ओला करून खरवडायचा, खरवड जाळायची नाही.

वाहून आलेलं लाकूड आणखी एका कारणाने फसवतं. त्यात मीठ मुरलेलं असतं. उन्हाळ्यात कोरडं वाटतं, पण मृगाची हवा लागली की मूर्तीला घाम फुटतो, तेलाचा थर पांढरा होऊन सुटतो आणि हत्यारं गंजतात. एक अख्खा पावसाळा चिऱ्यांवर उचलून, अधूनमधून फिरवत गोड्या पावसात धुवायचं, मग सावलीत वाळवायचं. भेगांतली वाळू तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय पटाशी लावायची नाही.

आता आखणी. तीन फुटांचा, दहा इंच जाडीचा ओंडका धरा. तळाशी चार इंच बैठक कोरी, त्यावर वाकलेल्या गुडघ्यांचे पाय आठ इंच, धड दहा, आणि डोकं चौदा इंच. डोकं एवढं मोठं हवंच. मार्केसासच्या मूर्तींत ते उंचीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त असतं. मान नसते, हनुवटी थेट छातीवर येते. माणसाच्या प्रमाणात डोकं काढलं की मूर्ती टिकी वाटतच नाही. गेरूच्या दोरीने समोर उभी मधली रेघ मारायची, आणि ती कापली गेली की पुन्हा मारायची, प्रत्येक वेळी. चेहरा वाकडा होण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे ही रेघ पुन्हा न मारणं. मधे मधे आरसा समोर ठेवून त्यात मूर्ती बघितली की डोळ्याला सवयीने न दिसणारा तिरकेपणा लगेच दिसतो.

करवतीचे तीन आडवे काप आधी: भुवईखाली बारा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), नाकाखाली आठ सूत, हनुवटीखाली सोळा सूत. मग खालून वर, त्या कापाकडे, वाकसाने लाकूड उतरवायचं. काप असल्यामुळे चिलपी तिथेच थांबते, पुढे फाटत जात नाही. तुमचा वाकस इथे खरा उपयोगी. पॉलिनेशियात लोखंड पोचण्याआधी हेच काम दगडी पात्याच्या वाकसाने होत असे, म्हणून मूर्तींवर ते लांब, सपाट घाव दिसतात. ते घासून गुळगुळीत करायचे नाहीत असं आमचं ठाम मत झालं आहे.

चेहऱ्यात नाक सगळ्यात पुढे. म्हणजे नाक "बसवायचं" नसतं, त्याच्या बाजूचं सगळं मागे न्यायचं असतं. उभ्या ओंडक्यात रेषा उभ्या असतात, त्यामुळे पुढे आलेली भुवई आणि नाकाचं टोक हे आखूड रेषांचे तुकडे असतात, एका आडव्या घावाने उडतात. यावर तुमचा हिशेब: भुवई जेवढी पुढे, त्याच्या दीडपट तरी तिची उभी जाडी. बारा सूत पुढे आली तर अठरा सूत उंच. नाकाच्या टोकाकडे मोगरी न मारता पटाशी हाताने दाबायची. दात शेवटी, आणि दोन दातांमधली खाच दोन सुतांहून खोल नाही. दाताखालून पोकळ केलं की दात गेलाच. तुकडा उडालाच तर तो टाकायचा नाही. पाण्यात टिकणारा फेविकॉल लावून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून एक दिवस ठेवायचा. स्वतःच्याच तुकड्याइतका सांधा लांबीने (पुट्टीने) कधी बसत नाही.

आणि तडा. यासाठी तुमचे आभार सर्वात जास्त. गोल ओंडका वाळताना मध्याच्या दिशेने जेवढा आकसतो, त्याच्या साधारण दुप्पट घेराच्या दिशेने आकसतो. घेर कमी पडला की लाकूड कुठेतरी उघडणारच, आणि कोरलेल्या चेहऱ्यात लाकूड सर्वात पातळ असल्यामुळे ते बहुधा तिथेच उघडतं. लोक भेगेत लांबी भरतात, पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि लांबी बाहेर फेकली जाते. तुम्ही सांगितलंत, तडा थांबवता येत नाही, त्याची जागा ठरवता येते. कोरायला बसण्याआधीच मूर्तीच्या पाठीवर वरपासून बैठकीपर्यंत चेनसॉने एक उभा काप, थेट मध्यापर्यंत. त्यात सुक्या सुरूची पाचर, आणि लाकूड वाळत जाईल तशी ती थोडी थोडी आत ठोकायची. सगळा ताण पाठीतून सुटतो, समोरचा चेहरा शाबूत राहतो. दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट लावायचा, कारण पाणी टोकांतून सर्वात वेगाने जातं. काम थांबवताना मूर्तीवर ओलसर गोणपाट, वाऱ्यापासून दूर. उन्हात "लवकर वाळावी" म्हणून ठेवलेली मूर्ती संध्याकाळपर्यंत कडकड वाजू लागते. माडाला हा पाठीचा काप लागत नाही.

शेवटच्या हातासाठी फार नाही. ब्लोटॉर्चने वरवर भाजून तारेच्या ब्रशने झाडलं की खाचा काळ्या राहतात आणि उंचवटे उजळतात. मग जवसाचं तेल आणि टर्पेंटाईन समसमान, पूर्ण वाळल्यावर दुसरा हात कमी टर्पेंटाईनचा. खोबरेल लावू नये, घरात कितीही असलं तरी. ते वाळत नाही, खवट होतं आणि बुरशीला बोलावतं. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर सुटी पसरून वाळवावीत. अंगणात ठेवायच्या मूर्तीच्या बुडाला काजूच्या टरफलाचं तेल, जसं तुम्ही होडीला लावत आलात. वाळवी फिरकत नाही, पण कातडी भाजते, म्हणून रबरी हातमोजे घालूनच आणि हात लागणार नाही अशा भागालाच. मूर्ती मातीत पुरायची नाही. चिऱ्यावर, खाली बोटभर फट सोडून, स्टेनलेस सळईने उभी करायची.

काका, यातलं एकही काम तुम्ही "हे गुपित आहे" म्हणून राखून ठेवलं नाहीत. विचारलं तेवढं सांगितलंत, न विचारलेलंही हात धरून दाखवलंत आणि त्याचा एक पैसा घेतला नाहीत. ज्या वयात माणूस हत्यारं माळ्यावर टाकतो, त्या वयात तुम्ही ती आमच्या हातात दिलीत. आम्ही मनापासून ऋणी आहोत.

खाडीकाठचा उंडीचा ओंडका मालकाने आम्हाला नेऊ दिला आहे. साल काढून, टोकांना मेण लावून तो सावलीत चिऱ्यांवर ठेवला आहे. त्याचा मध्य एका बाजूला सरकलेला दिसतो, त्यामुळे पाठ कुठली धरायची हे तुम्ही बघून सांगावंत. पाठीचा काप तोवर मारत नाही. सवडीने या, गाडी पाठवतो.

तुमचे,
मालवण-वेंगुर्ल्याचे लाकूड कोरणारे