व्यायाम सांगा, पण पहाटेचा हट्ट सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत सांधेदुखीवरच्या व्यायामांचा पानभर लेख होता, फोटोत पांढऱ्या केसांचे एक आजोबा बागेत पाय ताणतायत आणि मागे सूर्य उगवतोय. लेख वाईट नव्हता, ज्यांचे गुडघे वयाने झिजलेत त्यांना नक्की उपयोग होईल. पण शेवटी एका ओळीत आमवातवाल्यांनीही हेच करावं असं टाकून दिलंय ना, त्या ओळीसाठी हे पत्र. मला स्वतःला आमवात, म्हणजेच रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आम्ही पेशंट लोक नुसतं आरए म्हणतो, पस्तिशीत सुरू झाला, आता पन्नाशी जवळ आलीय आणि व्यायाम मी सोडलेला नाही, त्यामुळे व्यायामाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते घड्याळाशी.

आपल्याकडे व्यायाम म्हटलं की पहाट. साताऱ्यात तर विचारूच नका, उजाडायच्या आत अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला माणसं, यवतेश्वरच्या घाटात हाफ मॅरेथॉनची प्रॅक्टिस, योगवर्ग सहाला, हास्यक्लब साडेसहाला, आणि नऊनंतर कोणी हातपाय हलवताना दिसलं तर "आत्ता उठलात वाटतं" म्हणून वर टोमणा. आणि आरए असलेल्याचं अंग नेमकं त्याच वेळी जखडलेलं असतं. हा आळस नाही हो. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, आणि सूज वाढवणारी रसायनं रात्री चढत चढत पहाटेकडे जोरात असतात. झिजलेल्या गुडघ्याचा ताठरपणा बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत सुटतो, आमचा तासभर तरी घेतो, वाईट दिवस असेल तर दुपार होते.

सकाळी सहा म्हणजे आमच्या घरी काय असतं ते सांगते. टूथपेस्टची ट्यूब बोटांनी दबत नाही, ओट्यावर ठेवून तळहाताने रेटायची. दाराची कडी मनगटाने ढकलायची. गॅसचं बटण दाबून फिरवायचं म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ येते की चहा नको वाटतो. दुधाची पिशवी कापायला कात्रीत बोटं जात नाहीत म्हणून ती मुलाकडून कापून घ्यायची, तोही झोपेत. अशा हातांना तुम्ही म्हणणार, चला बारा सूर्यनमस्कार, आणि त्या सूर्यनमस्कारात सगळं वजन येतं कुठे, तर मनगटावर!

बरं, मग पडून राहायचं का, तर तेही नाही, आणि हे मला जास्त जोरात सांगायचंय कारण घरची माणसं प्रेमापोटी तेच करायला लावतात. "तू बस गं, आम्ही करतो." पूर्वी डॉक्टरसुद्धा या आजारात भरपूर विश्रांती सांगायचे, आता तसं राहिलेलं नाही. नेदरलँड्समध्ये आरएच्या तीनशेच्या आसपास पेशंटवर दोन वर्षं अभ्यास झाला होता, २००३ साली त्याचे निष्कर्ष आले, त्यात तर चांगला दमवणारा व्यायाम होता तरी लोकांचं चालणं-फिरणं सुधारलं आणि आजार भडकला नाही. अमेरिकेतल्या सांधेविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये ज्या सूचना काढल्या त्यात आहार, मसाज, अॅक्युपंक्चर वगैरे बऱ्याच गोष्टी आहेत, पण ठामपणे शिफारस केलेली गोष्ट एकच, नियमित व्यायाम. सांधा दुखतो म्हणून वापरला नाही की भोवतीचे स्नायू पटापट बारीक होतात आणि मग तोच सांधा जास्त दुखतो. शिवाय या आजारात हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांची हाडं ठिसूळ होतात ते वेगळंच. म्हणजे व्यायामाची गरज शेजारच्या धडधाकट काकूंपेक्षा आम्हाला जास्त, आणि व्यायामाचे सगळे वर्ग मात्र त्या काकूंच्या सोयीचे.

आता हातांचं. तुमच्या लेखात हातांवर अक्षर नव्हतं, सगळं गुडघा आणि कंबर. आरए बहुतेकांना आधी पकडतो तो बोटांच्या मुळाशी, मधल्या पेरांत आणि मनगटात, दोन्ही हातांना सारखाच. इंग्लंडमध्ये फक्त हातांच्या व्यायामाची एक मोठी चाचणी झाली होती, ४९० पेशंट होते, २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. औषधं सगळ्यांची चालूच होती, पण ज्यांना फिजिओने बसवून नीट शिकवलेले हाताचे व्यायाम दिले त्यांचे हात वर्षभरानंतर जास्त चांगले चालत होते, आणि व्यायामाने दुखणं वाढलं असंही झालं नाही. त्यात सांधे मोकळे करायचे सात प्रकार होते आणि ताकदीचे चार. मला माझ्या फिजिओने साधारण तेच शिकवलं. मनगट हळू गोल फिरवायचं, बोटं फाकवायची, बोटं सरळ ठेवून नुसती मुळातून वाकवायची, मग आधी बोटं हुकासारखी वाकवायची आणि मग पूर्ण मूठ. डोक्यामागे हात न्यायचा, म्हणजे आपण वेणी घालतो तसा, आणि पाठीमागे, म्हणजे हूक लावायला नेतो तसा (हे दोन्ही मला मधे कित्येक महिने जमत नव्हतं, गाऊन घालून फिरायचे). आणि एक माझा आवडता, दिसायला अगदी फालतू. तळहात टेबलावर पालथा ठेवायचा आणि एकेक बोट उचलून अंगठ्याच्या बाजूला सरकवायचं, आधी तर्जनी, मग मधलं, मग पुढची. यामागचं कारण असं की हा आजार बोटांना करंगळीकडे ढकलत नेतो, जुन्या पेशंटचे हात बघा, सगळी बोटं एका बाजूला कललेली दिसतात. हा व्यायाम त्याच्या बरोब्बर उलट दिशेचा. टीव्ही बघताना होतो, घामही येत नाही, आणि सासूबाई विचारतात की टेबलावर काय शोधतेयस.

आणि हे सगळं मी करते अकरा वाजता, किंवा संध्याकाळी. सकाळी उठल्यावर फक्त कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून पाण्यातच हलकेच उघडझाप, बस्स, तो व्यायाम नाहीच, ते फक्त कुलूप उघडणं. मग अंघोळ गरम पाण्याने, मग गोळ्या, नाश्ता, आणि अंग सुटल्यावर चालायला. चालण्याचं प्रमाण म्हणजे आठवड्याला दीडशे मिनिटं असं सगळीकडे सांगतात पण ती एका दमात करायची नसतात, दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. चालता चालता बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येत नसेल इतपत वेग. चपला नकोत. पुढून रुंद बूट घ्या, कारण चवड्याखाली सूज असते तेव्हा बुटात खडा गेल्यासारखं टोचत राहतं आणि माणूस टाचेवर चालायला लागतो, मग कंबर धरते.

जास्त झालं हे ओळखायचं कसं, तर व्यायामानंतर दोन तासांनीही सांध्यात वाढलेली दुखणी तशीच असतील तर पुढच्या वेळी कमी करा, बंद नाही, कमी. स्नायू थोडे भरून येणं वेगळं, सांधा ठणकणं वेगळं, काही दिवसांत फरक कळतो. आणि फ्लेअर असेल, म्हणजे सांधा गरम आणि टम्म, तर त्या सांध्याला ताकदीचे व्यायाम अजिबात नकोत, दिवसातून एक-दोनदा जिथवर जाईल तिथवर हळूच न्यायचा आणि आणायचा, बाकी आराम. तेवढ्यासाठी बाकीच्या अंगाला सुट्टी द्यायची गरज नसते.

काही गोष्टी मात्र नकोतच आणि त्या तुमच्या लेखात यायला हव्या होत्या. हास्यक्लबात जोरजोरात टाळ्या वाजवायला लावतात, मूठ आवळल्यावर जे चार उंचवटे वर येतात तिथेच आमची सूज असते, तिथे धक्के बसून काय भलं होणार? रबरी चेंडू दाबत बसा असं जो तो सांगतो, हात सुजलेला असताना कडक चेंडू करकचून दाबू नये, ताकदीचं काम सूज उतरल्यावर, मऊ पुट्टीवर (हाताच्या व्यायामाचा कणकेसारखा गोळा) आणि फिजिओला विचारून. मंगळागौरीत फुगडीला कोणी हात ओढला तर सरळ नाही म्हणा, झिम्म्यालाही, आग्रहाला बळी पडून मग आठवडा कुढत बसायचं यात काही अर्थ नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मान. या आजारात मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल होऊ शकतो, जुन्या पेशंटमध्ये तर याकडे लक्ष ठेवावंच लागतं, त्यामुळे शीर्षासन, सर्वांगासन, हलासन हे आपल्या मनाने किंवा योगवाल्या ताईंच्या आग्रहाने करू नका, आधी डॉक्टरांना विचारा, गरज वाटली तर ते मानेचा एक्स-रे काढायला सांगतील. मान वळवताना हातापायांना मुंग्या येत असतील तर व्यायाम राहू दे, आधी दवाखाना. हे सांगितलं की योगविरोधी म्हणतात. अहो, खुर्चीत बसून श्वास, खांदे, घोटे, सगळं करता येतं, तोही योगच आहे की.

व्यायामाने गोळ्या सुटतात असं मात्र कोणी छापू नका प्लीज. व्हॉट्सअॅपवर ते रोज येतं. आरएचं औषध वेळेत सुरू झालं नाही तर सांधा आतून कुरतडला जातो आणि गेलेला सांधा कुठल्याही आसनाने परत येत नाही. आमच्यातल्या बहुतेकांना मेथोट्रेक्सेट असतं, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही, रोज घेतलं तर जिवावर बेततं, आणि पुष्कळ जणांना घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळ-थकवा असतो. म्हणजे तो दिवस व्यायामाचा नाही हेही धरून चालायचं, त्यासाठी मनाला खात बसायचं नाही.

आम्ही असे किती, असं कोणाला वाटेल. भिगवणला, आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच, १९९६ साली घरोघर जाऊन सांध्यांच्या आजारांची पाहणी झाली होती, त्यात साधारण दोनशे मोठ्या माणसांमागे एकाला आरए असल्याचं दिसलं. त्या हिशोबाने नुसत्या सातारा शहरात तीन-चारशे जण तरी निघावेत, त्यात बाया पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट, आणि पुष्कळशा तीस ते पन्नास वयाच्या, म्हणजे ज्यांच्यावर घर आणि नोकरी दोन्ही आहे. त्या बागेत दिसत नाहीत, कारण बाग भरते तेव्हा त्या पातेल्यात हात बुडवून बसलेल्या असतात. आणि ज्या जातात त्या आपला आजार लपवून, कारण "एवढ्या वयात संधिवात?" हे ऐकायचा कंटाळा येतो.

तर मागणं दोन आहेत. एक तुमच्याकडे. सांधेदुखीवर लिहाल तेव्हा झिजेचं वेगळं आणि आरएचं वेगळं पान करा, लिहायला रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांधेविकार तज्ज्ञ, आणि फिजिओथेरपिस्ट दोघांना बसवा, आणि फोटोत एखादी चाळिशीची बाई घ्या, दुपारच्या उन्हात, खुर्चीवर बसलेली.

दुसरं नगरपालिका, मंडळं, फिजिओथेरपी कॉलेजं, ज्या कोणाच्या हातात हॉल आहे त्यांच्याकडे. हे हॉल सकाळी दहा ते चार रिकामे असतात. आठवड्यातून दोनदा, अकरा वाजता, पाऊण तास, एक फिजिओ आणि पंधरा-वीस खुर्च्या एवढंच लागतं, सतरंजी नको, कारण खाली बसलेलं उठताना हाताच्या मुठी जमिनीवर टेकाव्या लागतात. खुर्च्या हातवाल्या असाव्यात, म्हणजे कोपरापासूनचा हात टेकून उठता येतं. नोकरीवाल्यांसाठी एखादी बॅच संध्याकाळी सहाची. पावसाळ्यात तर हे फारच गरजेचं आहे, साताऱ्याच्या पावसात चार महिने रस्त्यावर चालणं होत नाही.

१२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन असतो. आमच्या इथे एका वर्षी त्या निमित्ताने एका मंडळाने चालण्याची रॅली ठेवली होती, हेतू चांगला, टोप्या-टीशर्ट पण दिले, आणि वेळ काय, तर सकाळी सव्वासहा, नाश्ता साडेसातला. आमच्या ओळखीतल्या आरएवाल्यांपैकी एकही पोचू शकली नाही. या वर्षी कोणी ठेवणार असेल तर अकराची ठेवा, नाश्त्याऐवजी जेवण द्या हवं तर, मी येते आणि चार जणींना घेऊन येते.

आपली,
एक वाचक, सातारा