डोंगरउतारावरचं गाव

रोश पिना, इस्रायल

ती. आईस सा. नमस्कार,

परवा फोनवर तू विचारलंस, गाव कसं आहे गं? फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

गाव कनान डोंगराच्या उतारावर आहे. खाली हुलाचं खोरं, समोर गोलानचं पठार, आणि आभाळ निवळलं की हर्मोन पर्वताचा बर्फ. जुनी वाट दगडी. सावताला (इथे आजीला सावता म्हणतात) हात धरून उतरवते, तेव्हा एकेक दगड पायाने चाचपून पुढे जावं लागतं.

या दगडांनीच पहिल्या लोकांना रडवलं. १८७८ मध्ये शेजारच्या सफेद नावाच्या शहरातल्या ज्यूंनी जाऊना गावाची जमीन विकत घेतली. शेतीची सवय नाही, त्यात पावसाने दगा दिला. तीन वर्षांत बहुतेक घरं परतली. १८८२ मध्ये रोमानियातून कुटुंबं आली, त्यांनी रोश पिना नाव दिलं. म्हणजे कोनशिला, बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला धोंडाच कोनशिला झाला, असं त्यांच्या स्तोत्रात आहे. त्यांचेही हाल झाले, मग पॅरिसच्या बॅरन रॉथशील्डनी गाव पोसलं. तुती लावून रेशीम काढायचं ठरलं, तेही टिकलं नाही.

पण आई, मला झोप लागू दिली नाही ती वेगळीच गोष्ट. इथे शाळामास्तर असलेल्या यित्झाक एपश्टाइननी १९०७ मध्ये लिहून ठेवलंय की, जमीन विकली गेल्यावर जाऊनातली कसणारी कुटुंबं यार्देन नदीपलीकडच्या हौरानकडे निघाली, त्या दिवशीचा बायकांचा आक्रोश अजून माझ्या कानात आहे. अलिबागजवळच्या चरी गावातल्या कुळांच्या संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेली मी. कुळाच्या हातून जमीन जाणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावायला नको. १९४८ च्या लढाईत तर जाऊना पुरतंच ओस पडलं. सावतापुढे हा विषय काढला, तर ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "ते खरं आहे."

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ती दोन मेणबत्त्या लावते, डोळ्यांवर हात धरून पुटपुटते. तिला मी आपल्याकडच्या शनवार तेल्यांचं सांगितलं, म्हणजे कोकणातले ज्यू, शब्बाथ पाळायला शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे ते. अलिबागच्या इस्रायल आळीचंही सांगितलं. तेव्हापासून तिचा एकच प्रश्न: घाण्याला बैल जुंपायचे की माणसं ओढायची, आणि तेल कशाचं?

आत्याला विचारून नीट कळव. बाबांना गोळ्या वेळेवर दे.

तुझी,
बेबी